न रडणारी

रुवीच्या दवाखान्यात मी रक्त काढते.
सकाळी सात ते तीन: दंडाला पट्टा, कापूस, बारीक सुई
आणि लेकरं. बलुची, मल्याळी, सुदानी, आपली.
सुई दिसली की मूल आधी मान वळवतं,
आई कुठे आहे ते बघून घेतं,
आणि मगच भोकाड पसरतं.
तेवढ्यापुरती मी सुई धरून थांबते.
हे कुणी शिकवलं नाही. हातच थांबतो.

माझ्या कैरवीने मान वळवली नाही.
अडीच वर्षांची. चौथ्या दिवशीही ताप उतरेना
म्हणून मीच बसवली खुर्चीवर.
तिने बाही आपली आपण वर सारली
आणि नळीत चढणारं लाल बघत राहिली,
दुसऱ्याच्या घराला रंग देताना बघावं तशी.
जोसलीन म्हणाली, किती शहाणी पोर!
मी नळीवर चिठ्ठी चिकटवली.
माझं अक्षर मलाच लागलं नाही.

सातव्या महिन्यात तिला इस्लामपूरला ठेवून आले होते.
ह्यांची कंपनी गुंडाळली होती, घराचे हप्ते होते,
कारणं होती, बोटांवर मोजून दाखवीन.
वैजूवहिनींनी जीव लावला, खोटं कशाला बोलू.
रोज रात्री फोनच्या काचेवर मी बोट नाचवायचे
आणि ती काच चाटायची.
मग चाटेनाशी झाली.
मग माझा आवाज आला की पंख्याकडे बघायची.
वहिनी म्हणायच्या, अगं, खेळाच्या नादात आहे.

मस्कतच्या विमानतळावर
वहिनींच्या भावाच्या कडेवरून उतरून
ती म्हणाली, नमस्ते काकू.
सगळे हसले. मीही.
त्या रात्री तिने वैजूवहिनींची आठवणसुद्धा काढली नाही.
तेच जास्त लागलं.
माणसं जातात, हे ती इतकं पाठ करून आली होती
की पुन्हा म्हणून बघायची गरज नव्हती.

माझी आई चारचौघांत सांगायची,
आमची मंजिरी म्हणजे गुणाची,
भुकेली झोपेल, पण रडून घर डोक्यावर घेणार नाही.
मी तेव्हा फ्रॉकचं टोक सरळ करत उभी असायचे.

रात्री ती जागी असते. हाक मारत नाही.
एसीच्या हिरव्या ठिपक्याशी काहीतरी बोलते,
अर्धं मला कळतं, अर्धं इस्लामपूरचं.
मी खाली सतरंजीवर पडते.
जवळ ओढत नाही, एकदा ओढलं तर लाकूड झाली होती.
हात फक्त तिच्या गादीच्या कडेवर ठेवते, उताणा,
पाखरासाठी दाणे टाकून माणूस मागे सरतो तसा.
बाहेर रुवीचे उघडे डोंगर.
दिवसभर तापलेले असतात,
अंधारात कितीतरी वेळ ऊब सोडत राहतात.
कोण घेतं ती, त्यांना काय ठाऊक.

किती रात्री, मोजल्या नाहीत.
एकदा तळव्यात काहीतरी गार लागलं:
तिच्या बाहुलीची तुटकी चप्पल.
ठेवून पाठ करून झोपली होती.

आणि मग परवा, नर्सरीच्या फाटकाशी,
माझ्या पांढऱ्या कोटाचा खिसा तिने मुठीत धरला.
आधी वाटलं, अडकला.
मग ती रडली.
असं रडली की समोरच्या इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी केली.
बाई ओशाळून म्हणाल्या, अहो, रोज किती छान राहते,
आज काय झालं कुणास ठाऊक.
मी फाटकाशीच खाली बसले, कामावर जायच्या कपड्यांत.
घड्याळ दिसत होतं. दिसू दिलं.

चाळीस मिनिटं उशीर, अर्ध्या दिवसाचा पगार,
आणि खिसा एका बाजूने उसवलेला.

तिला न्यायला गेले तर तिने तोंड फिरवलं.
बूट घालताना पाय कडक केला.
गाडीत सबंध वाटभर खिडकीकडे तोंड,
गाल फुगलेले, खालचा ओठ पुढे.
आरशातून मी पुन्हा पुन्हा बघत होते.
रागावली होती.
माझ्यावर.